रानमेव्याला बंदी नको, ओळख हवी
(इयत्ता सातवीच्या एका विद्यार्थिनीचे मत)



ह्या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी ‘माझा आवडता ऋतू’ हा विषय दिला होता. मी शरद ऋतूवर निबंध लिहायला बसले. निरभ्र आकाश, टिपूर चांदणे, कोजागरीचे दूध अशा चार ओळी झाल्या आणि पेन पुढे सरकेना. कारण आपल्या गावात शरद ऋतू म्हणजे सीताफळ. आणि गेल्या वर्षापासून आम्हा पोरांना डोंगराची बंदी आहे. मग निबंध तसाच ठेवला आणि हे लिहिले. गुरुजी म्हणाले, “मत आहे तर मत म्हणूनच लिही, पण खरं लिही.” म्हणून खरे लिहिते. त्यात माझी चूकही आली आहे.

आपले गाव बालाघाटच्या डोंगरात, धारूरच्या अंगाला. जमीन मुरमाड, पाणी बेताचे. पण सीताफळाला अशीच जमीन मानवते. खत नाही, पाणी नाही, कोणी लावलेले नाही, तरी घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत डोंगर फळाने लदलेला असतो. अंबाजोगाईला तर सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्या फळाची सरकारदरबारी नोंद झाली, त्याच्या झाडाखाली त्याच गावच्या पोरांनी जायचे नाही! हे मला पटत नाही.

बरे, सीताफळ एकटे नाही. भादवा सरता सरता कापसात, तुरीच्या ओळीत शेंदाड सापडते. हिरवे असताना कडूजहर, पण पिवळे होऊन देठातून आपोआप सुटले की त्याचा वास बांधापर्यंत येतो. बांधावर चिरबोटी असते, कोणी तिला पोपटी म्हणतात. कागदासारख्या पिशवीत वाटाण्याएवढे फळ. पिशवी वाळली आणि आतले फळ पिवळे झाले की खायचे, हिरवे खायचे नाही. (रिकामी पिशवी फुगवून दुसऱ्याच्या कपाळावर फोडायची, हे सर्वांना माहीत आहेच.) फड्या निवडुंगाची लाल बोंडे असतात. त्यांची बारीक कुसळे डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला मात्र बरोबर सापडतात. ती दगडावर घासून काढायची. बोंड खाल्ले की तोंड लाल होते आणि घरी चोरी कळते. मग आवळे. संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व आवळ्यात असते, असे विज्ञानाच्या तासाला शिकलो. ते आवळे आपल्या ओढ्याकाठी पडून कुजतात. शेवटी बोरे. आधी एखाद-दुसरे झाड गोड होते, आणि संक्रांतीपर्यंत सगळी झाडे लाल.

आमची आजी तुळशीच्या लग्नाआधी बोराला आणि आवळ्याला हात लावू देत नाही. तुळशीपुढे ठेवल्याशिवाय खायचे नाही म्हणते. मला आधी ही देवाची अट वाटे. आता वाटते, पोरांनी कच्ची बोरे झोडपून संपवू नयेत म्हणून कोणा शहाण्या बाईने काढलेली ही युक्ती असावी. आजीला हे बोलले तर ती म्हणाली, “लई शिकलीस.”

आता गेल्या वर्षीचे सांगते. काहींना माहीत आहे, काहींना उलटेच माहीत आहे.

दिवाळी होऊन गेली होती. गावातली निम्मी-अर्धी माणसे त्या वेळी कारखान्यावर गेलेली असतात. माझे आई-बाबाही कोयत्याला गेले होते. घरी मी, आजी आणि धाकटा भाऊ. तो पहिलीत होता. रविवारी दुपारी आम्ही सहावीच्या पाच मुली डोंगरात उशिराची सीताफळे बघायला निघालो. भाऊ मागे लागला. मी त्याला म्हटलं, “तू लहान आहेस, काटे लागतील, घरी बस.” हे माझे शब्द आहेत. ते मी विसरलेली नाही.

तो घरी बसला नाही. पहिली-दुसरीची चार-पाच पोरं गोळा झाली. मोठे लोक रानमेवा खातात, आपल्याला नेत नाहीत, तर आपण आपला रानमेवा शोधू, असं त्यांनी ठरवलं. देवळामागच्या कुंपणाला चंद्रज्योतीची झाडं आहेत. त्यालाच मोगली एरंड म्हणतात. जनावर तोंड लावत नाही म्हणून ते कुंपणाला लावतात, त्यात लावणाऱ्याचा काही दोष नाही. त्याचं फळ पिकून पिवळं पडतं, मग काळं होतं. फोडलं की आत बहुधा तीन काळ्या बिया. बीचं टरफल काढलं की पांढरा गर, आणि चव शेंगदाण्यासारखी. कडू असता तर पोरांनी थुंकून टाकला असता. कुणी दोन खाल्ल्या, कुणी पाच. माझा भाऊ म्हणाला, दहापर्यंत मोजल्या, पुढच्या मोजल्या नाहीत.

दिवस मावळताना आम्ही ओटीत सीताफळं घेऊन आलो, तर तो ओसरीवर ओकत होता. घशात आग होते म्हणून रडत होता. आजी गोंधळली. मीठपाणी पाजू का, ताक पाजू का, दृष्ट काढू का. शेजारच्या काकांनी १०८ ला फोन लावला. घाटातून गाडी येईपर्यंत आणखी दोन पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय खाल्लं?” कोणालाच सांगता येईना. आजी म्हणे सीताफळ, दुसऱ्याची चुलती म्हणे शिळा भात. शेवटी माझ्या भावाच्या चड्डीच्या खिशात दोन बिया निघाल्या, तेव्हा कळले.

रात्रभर सलाईन लावली. तिसऱ्या दिवशी सगळी पोरं पुन्हा खेळायला लागली. पण आईचा फडातून फोन आला तेव्हा ती काही बोललीच नाही, नुसती रडत राहिली. बाबा एवढंच म्हणाले, “उचल फिटल्याशिवाय निघता येत नाही, पोरी. तू बघ त्याच्याकडं.”

पुढच्या आठवड्यात पारावर वडीलधारी मंडळी बसली आणि ठरले की, पोरांनी डोंगरात जायचे नाही आणि रानातले काही तोंडात घालायचे नाही. त्यांना काळजी होती म्हणूनच त्यांनी ठरवले, हे मला कळते. तरी माझे म्हणणे ऐकावे.

चंद्रज्योत डोंगरात नव्हती. ती देवळामागे, भर गावात होती. डोंगरात गेलेल्या आम्हा पाच जणींना काही म्हणजे काही झाले नाही. कारण कोणते फळ कसे बघायचे हे आम्हाला आमच्या आज्यांनी शिकवले होते. ज्यांना बाधले, ती पोरे डोंगरात गेलेलीच नव्हती. त्यांना कोणी काही दाखवलेले नव्हते. आणि बंदी घातली ती डोंगराला!

शिवाय बंदी कोण पाळतो? ह्या भित्तिपत्रकापुढे उभ्या असलेल्या मुलांपैकी कितीजण ह्या महिन्यात डोंगरात गेले, हे मी नावानिशी सांगू शकते. सांगणार नाही. पण आता सगळे चोरून जातात, आणि चोरून जाणारा लहान भावंडाला बरोबर नेत नाही, कारण ते घरी जाऊन सांगेल. म्हणजे लहानगी आणखीच मागे राहिली. मी जी चूक एकदा केली ती आता रोज होते आहे.

चोरून जाणारा घाईतही असतो. सीताफळाचे डोळे उघडले का, खवल्यांच्या मधल्या फटी पांढुरक्या-पिवळ्या झाल्या का, हे बघायला त्याला सवड नसते. दिसेल ते ओरबाडतो. असले कोवळे फळ कडब्यात दाबा नाहीतर कणगीत घाला, ते पिकत नाही, काळे पडते आणि दगड होते. हे नुकसान होते त्या म्हाताऱ्या बायांचे, ज्या पहाटे उठून पाट्या भरतात आणि उन्हात रस्त्याच्या कडेला बसून फळे विकतात. त्यांची दिवाळी त्या पाटीवर असते. एकीने मला तोंडावर सांगितले, “तुम्ही पोरं माकडापेक्षा वाईट. माकड निदान खातं तरी.” मी मान खाली घातली, कारण गोष्ट खरी होती. ह्या बाबतीत मोठ्यांचा राग रास्त आहे. पण त्यावरही उपाय डोळे ओळखायला शिकवणे हाच आहे.

काही जण म्हणतील, डोंगरात साप असतात. असतात. ते घराच्या कुडातही असतात आणि कापसातही, तिथे तर आम्हाला वेचणीला नेतातच. काही म्हणतील, आता दुकानात सगळे मिळते, पोरांना रानात काय धाडायचे. दुकानातली पाच रुपयांची कुरकुरीत पुडी आम्ही खाल्ली तर कोणी काही बोलत नाही. त्यात काय घातले आहे हे आमच्या आजीला वाचता येत नाही. सीताफळ मात्र तिला अंधारातही ओळखता येते. शाळेत दुपारचे जेवण मिळते. पण रविवारी आणि सुट्टीत दुपारी भूक लागते तेव्हा घरात आई नसते, हेही लक्षात घ्यावे.

मुलांचे स्वतःचे काही नियम आहेत, तेही खोटे आहेत. “पाखरानं चोच मारली म्हणजे आपल्याला चालतं.” चालेलच असे नाही. “शेळी खाते म्हणजे चालतं.” तेही नाही. “गोड लागलं म्हणजे चांगलं.” चंद्रज्योत तर शेंगदाण्यासारखी लागली होती. गुंज किती सुंदर दिसते, लाल आणि वर काळा ठिपका. सोनार ती वजनाला वापरत. चावून गिळली तर जीव घेते. धोतऱ्याचे काटेरी फळ महादेवाला वाहतात, पण आपण खायचे नाही, बीसुद्धा नाही. सीताफळ आपले एवढे लाडके, पण त्याची बी फोडायची नाही आणि तिची पूड डोळ्यांत जाऊ द्यायची नाही, डोळ्यांना इजा होते. डोक्यातल्या उवांसाठी कोणी ती लावत असेल तर बंद करावे.

गुरुजींकडून मला एक गोष्ट कळली आणि ती मी दोन दिवस विसरू शकले नाही. सीताफळ मूळचे आपले नाहीच. नाव सीतेचे असले तरी झाड अमेरिका खंडातले. आणि चंद्रज्योतही तिकडचीच! दोन्ही परकी झाडे समुद्रावरून आपल्या डोंगरात आली. एकाचे आपण फळ खातो, दुसऱ्याचे कुंपण करतो. कोणते कशासाठी हे इथल्या माणसांना जन्मतः ठाऊक नव्हते. कोणीतरी शिकले, मग दुसऱ्याला सांगितले. मध्येच सांगणे बंद झाले तर पहिलीतल्या पोराला काय कळणार?

आणि ह्या दिवसांत सांगणारी माणसेच गावात नसतात. हे मुख्य आहे. आई-बाबा दसरा-दिवाळीला निघतात ते उन्हाळ्यात परत येतात. म्हणजे सीताफळ, आवळा, बोर ह्यांचा सगळा हंगाम त्यांच्याविना जातो. माझ्या आईने मला सीताफळ ओळखायला कधीच शिकवले नाही, कारण त्या दिवसांत ती ऊस तोडत असते. आजीने शिकवले. सगळ्यांच्या घरी आजी नाही. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. म्हणून हे काम शाळेने आणि आम्ही मोठ्या वर्गांनी करावे, असे माझे मत आहे.

माझी मागणी एवढीच आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी पहिलीपासून सातवीपर्यंत सगळ्यांना डोंगरात न्यावे. बरोबर गुरुजी, बाई आणि पाटीवाल्या दोन आज्या असाव्यात. त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. सातवीच्या प्रत्येकाने पहिली-दुसरीच्या एकेकाचा हात धरावा. आधी देवळामागे जाऊन चंद्रज्योत दाखवावी, मग डोंगर. चंद्रज्योतीच्या झाडांना लाल चिंध्या बांधाव्यात, कारण पाटी लावली तर पहिलीतल्यांना वाचता येणार नाही. चिंध्या मी देते, आईची जुनी साडी आहे. आणि घरोघर सांगावे की, पोराने काही भलतेच खाल्ले तर घरचे उपाय करत बसू नये, बोटे घालून ओकवू नये, १०८ ला फोन करावा आणि खाल्लेले बी किंवा फळ बरोबर न्यावे.

मुख्याध्यापक म्हणाले, “आजच्या पालक सभेत विचारू. पालक हो म्हणाले तर जाऊ.” म्हणून हे सभेच्या दिवशीच भिंतीवर लावले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांच्या मुलांनी वाचून दाखवावे. ज्यांची गाडी ह्या आठवड्यातच कारखान्याला निघणार आहे, त्यांनी जाण्याआधी हो की नाही ते सांगून जावे.

माझा भाऊ आता दुसरीत आहे. चिंध्या कोणत्या झाडांना बांधायच्या हे तो दाखवणार आहे. त्याला सगळी झाडे पाठ आहेत.

शनिवारी येणाऱ्यांनी पायात चप्पल घालावी आणि कापडी पिशवी आणावी. झोडपायला काठी आणू नये.