माझं उरलेलं वाक्य परत द्या

दिग्दर्शक महोदय,



२०२४ च्या दिवाळीच्या तोंडावर तुम्ही सेलू तालुक्यातल्या आमच्या गावात आलात, तेव्हा विधानसभेच्या प्रचाराची फिल्म काढायची आहे असं म्हणाला नव्हता. ‘मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर माहितीपट करतोय’ म्हणालात. कागदावर सही घेतली, तो कागद इंग्रजीत होता. आधार कार्डाचा फोटोही काढून नेलात. पक्षाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की लोक हे पत्र त्या पक्षाविरुद्धचं म्हणून वाचतील आणि मुद्दा बाजूला राहील.

सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांतल्या पावसानं आमच्या भागातलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं होतं. जे हाती लागलं त्याचा दाणा काळपट. तुमच्या पोरानं ‘काका, मूठभर दाणे हातात धरा’ म्हणून अगदी जवळून कॅमेरा लावला. मी सांगत होतो ते त्या दाण्यांबद्दलच. हमीभाव तेव्हा ४,८९२ रुपये होता. पण खरेदी केंद्रावर बारा टक्क्यांच्या वर ओल चालत नव्हती. म्हणून माल मोंढ्यात न्यावा लागला. तिथं व्यापाऱ्यानं यंत्रात दाणे टाकले, आकडा बघितला, तोंड वाकडं केलं. चार हजारांच्या आसपास भाव दिला. क्विंटलमागं आठ-नऊशे रुपये तिथंच गेले.

मग तुम्ही ‘लाडकी बहीण’ योजनेचं विचारलं. मी म्हणालो, ‘महिन्याला पंधराशे घरात येतात, खोटं कशाला बोलू? पण एका क्विंटलमागं आठ-नऊशे बाजारात जातात, त्याचा हिशेब कोण देणार?’

फिल्ममध्ये ‘खोटं कशाला बोलू’ इथवरच आहे. पुढचं वाक्य गायब. त्याला जोडून मी हात जोडलेला दिसतो, मागं सनई. ते हात मी तुम्ही निघताना जोडले होते, ‘चहा घेतल्याशिवाय जाऊ नका’ म्हणत! आणि ज्या दाण्यांचं रडगाणं मी सांगितलं, ते दाणे भरभराटीचे म्हणून दाखवलेत. सुरुवातीला ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’, वरून टिपलेली गंगाखेडची गोदावरी आणि लगेच माझं रान. मधला अख्खा जिल्हा तुम्ही एका झटक्यात ओलांडलात. आमच्याकडं दुधना आहे हो. पण ती दिसायला तेवढी देखणी नाही.

ही फिल्म एलईडी लावलेल्या गाडीवर आमच्याच पारासमोर लागली. माणसं फिल्म कमी आणि माझं तोंड जास्त बघत होती. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात एकानं विचारलं, ‘मामा, किती मिळाले?’ ज्याच्या वावराचा पंचनामा राहून गेला होता, त्या शेजाऱ्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकलं असतं. गावात मी कुणाचाही झेंडा आजवर धरला नाही. ती माझी कमाई होती, साहेब. सोयाबीन पुढच्या साली पुन्हा पेरता येतं.

कायद्याचं म्हणाल तर तोही पाहिला. साध्या प्रचारपत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव टाकावं लागतं. तुमच्या फिल्मच्या शेवटी कुणाचंच नाव दिसलं नाही. प्रचाराच्या जाहिराती तपासणाऱ्या जिल्ह्याच्या प्रमाणन समितीनं फिल्म पाहिली असेलही. पण कापून टाकलेलं वाक्य समितीला दिसणार कसं? मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत पडद्यावर प्रचार दाखवता येत नाही. म्हणजे १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गाडी थांबली. मोबाइलमधला माझा हात जोडलेला फोटो मात्र २० तारखेला मतदानाच्या रांगेतही फिरत होता.

२०१९ मध्ये पंतप्रधानांवरचा चित्रपट निवडणूक आयोगानं १० एप्रिलला, पहिल्या टप्प्याच्या आदल्या दिवशी, रोखला. तो निकालाच्या दुसऱ्या दिवशी, २४ मेला लागला. मोठा नट, मोठं पोस्टर, म्हणून दिल्लीला दिसलं. आमच्या पारावरची गाडी कुणाला दिसते? आणि हे एकाच बाजूचं म्हणावं तर तसंही नाही. लोकसभेच्या वेळी उलट्या बाजूच्या फिल्ममध्ये आमच्याच भावकीतली एक म्हातारी रडताना दाखवली होती. ती रडत होती जावयाच्या आठवणीनं. खाली लिहिलं होतं महागाई.

बाजू घेऊन माहितीपट काढू नये असं माझं म्हणणं नाही. आनंद पटवर्धनांच्या १९९२ च्या ‘राम के नाम’ला बाजू आहेच, पण ती उघड आहे, करणाऱ्याच्या नावासकट. न पटणाऱ्यानं त्यांच्याशी भांडावं. तुमच्याशी भांडायचं तर तुमचा ठावठिकाणा मला त्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारावा लागला, आणि त्यालाही तो माहीत नव्हता. म्हणून हे पत्र छापायला दिलंय.

माफी नको. त्या दिवशी तुम्ही माझं जे काही टिपलं, ते सगळं, न कापता, पेन ड्राइव्हवर पाठवा. तशीच गाडी भाड्यानं घेऊन त्याच पारासमोर मी ते लावणार आहे, भाडं माझं. पत्ता विचारायची गरज नाही, माझ्या आधार कार्डाचा फोटो तुमच्याकडं आहे.

आपला,
तुमच्या फिल्ममधला शेतकरी