एकाच वाराचा खेळ



व्हिडिओ गेमचे नाव काढले की घरची मोठी माणसे म्हणतात, "ते मारामारीचे खूळ आधी डोक्यातून काढ!" पण सगळे खेळ सारखे नसतात, असे माझे मत आहे.

सुट्टीत मामाच्या घरी दादाच्या जुन्या प्लेस्टेशनवर मी 'बुशिडो ब्लेड' खेळलो. हा जपानी खेळ १९९७ साली निघाला. बुशिडो म्हणजे सामुराई योद्ध्यांची वागण्याची रीत. खेळात सहा योद्धे आणि आठ हत्यारे आहेत. तलवारी आहेत, लांब दांड्याचे पाते आहे, मोठा घणसुद्धा आहे. पण घण जड, म्हणून तो फिरवायला वेळ लागतो.

मारामारीच्या बाकीच्या खेळांत पडद्यावर ताकदीची पट्टी असते. मार बसला की ती थोडी थोडी कमी होते. म्हणून आपण नुसती धडाधड बटणे दाबतो. इथे पट्टीच नाही! नीट बसलेला एकच वार, की डाव खल्लास. पायाला लागले तर उभे राहता येत नाही. पहिल्या दिवशी मी धावून जायचो आणि हरायचो. दादा मात्र तलवार धरून गप्प उभा. मी चुकलो की त्याचा एक वार! मग मीही थांबायला, बघायला शिकलो.

एकदा मी एकटाच गोष्टीचा डाव खेळत होतो. समोरचा पाठमोरा असताना मी वार केला आणि "जिंकलो!" म्हणून ओरडलो. पण खेळ पुढे जाईचना. दादा म्हणाला, "अरे, पाठीत वार केलास ना? नमस्काराला वाकलेल्यावर वार केला तरी असेच होते. याला इथे जिंकणे म्हणत नाहीत."

मला लाज वाटली. कारण सुट्टीच्या आधी कबड्डीत मी एकाला मागून ढकलले होते. त्याचा गुडघा फुटला होता, आणि मी "मी नाही" म्हणालो होतो. शाळा सुरू झाल्यावर मी त्याला खरे सांगितले.

हा खेळ मारामारीचाच आहे, हे मी नाकारत नाही. अभ्यास सोडून तो खेळावा, असेही म्हणत नाही. पण पालकांनो, रागावण्याआधी एकदा शेजारी बसून बघा. मुलगा काय खेळतो, यापेक्षा कसा खेळतो, ते कळेल.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी