थ्रेड : लेखकावरचे हसू जपानमध्ये नवे नाही

१/ जपानी लाइट नॉव्हेलचा नायक स्वतःच कादंबरीकार असला, संपादक त्याच्या मागे लागला, मुदत उलटली आणि त्यावर विनोद झाले, की एक ठरावीक आक्षेप येतो : गंभीर साहित्यपरंपरेची ही आधुनिक घसरण आहे. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न असता तर सोडून देता आला असता. परंतु हा इतिहासाविषयीचा दावा आहे आणि तो साफ उलटा आहे.

२/ एदो शहर, १७८५. सान्तो क्योदेन या लेखकाने एका सचित्र विनोदी पुस्तकात बसक्या नाकाचा, स्वतःवर खूश असलेला एक श्रीमंत तरुण रंगवला. पुढे क्योदेन स्वतःचे चित्रही त्याच नाकाने काढू लागला. लेखकाची प्रतिष्ठा वगैरे कल्पना त्याच्या गावीही नव्हत्या.

३/ हे हसू फुकटचे नव्हते. १७९१ मध्ये, कान्सेई सुधारणांच्या काळात, तीन पुस्तकांपायी त्याला ५० दिवस हातात बेड्या घालून राहावे लागले. प्रकाशक त्सुताया जुझाबुरोची निम्मी मालमत्ता जप्त झाली. क्योदेनने पुढे तंबाखूच्या पिशव्या आणि चिलमी विकण्याचे दुकान थाटले. (लिखाणाचा रीतसर मोबदला घेणाऱ्या पहिल्या जपानी लेखकांत त्याची गणना होते, तरीही दुकान लागलेच.)

४/ १८०४ मध्ये त्याने पुस्तक ‘पोटात वाढवणारा’ गर्भार लेखकच विनोदाचा विषय केला. सुचत नसल्याच्या कळा, अक्षरशः!

५/ मग ती ‘गंभीर परंपरा’ केव्हाची? त्सुबोउची शोयोचा कादंबरीविषयक प्रबंध १८८५ चा, म्हणजे क्योदेनच्या बेड्यांनंतर ९४ वर्षांनी. तायामा काताईची आत्मकथनपर ‘फुतोन’ १९०७ ची. आणि त्याच्या दोनच वर्षे आधी नात्सुमे सोसेकीचे मांजर हायकू, गद्य, व्हायोलिन अशा सगळ्यांत लुडबुड करणाऱ्या आपल्या मालकाला हसत होते! लेखकाची व्यथा पवित्र मानणारी दृष्टीच येथे उशिरा आलेली पाहुणी आहे.

६/ हिरासाका योमी यांची ‘इमोतो साए इरेबा ई’ (२०१५–२०२०, १४ खंड) पाहावी. तिच्यातील बहिणीविषयीचा ओंगळ विनोद समर्थनीय नाही, आणि त्याचे समर्थन करण्याची गरजही नाही. परंतु तिच्यात करसल्लागार आहे, फसलेले ॲनिमे रूपांतर आहे, मुदत चुकवणारा लेखक आहे. हस्तलिखित पूर्ण होईपर्यंत लेखकाला हॉटेलात कोंडण्याला जपानी प्रकाशनव्यवसायात ‘कांझुमे’, म्हणजे डबाबंद माल, म्हणतात. हा धंदा आतून कसा चालतो, हे काताईच्या अश्रूंतून कळत नाही.

७/ लाइट नॉव्हेलच्या अखेरच्या पानांवर लेखक मुदतीचे रडगाणे गातो आणि पुढच्या खंडाची जाहिरातही करतो. क्योदेन आपल्या दुकानाची जाहिरात स्वतःच्याच पुस्तकांतून करीत असे. पहिली पाने ज्यांना घसरण वाटतात, त्यांनी दुसरी कोणत्या कप्प्यात ठेवायची तेही सांगावे.