‘हाताला चव’ म्हणजे नेमके काय?

एखाद्या गृहिणीच्या स्वयंपाकाची प्रशंसा करताना ‘त्यांच्या हातालाच चव आहे’ असे आपण सहज म्हणून जातो. हेतू गौरवाचा असतो. परंतु या वाक्प्रयोगाने दोघांवर अन्याय होतो, असे माझे मत आहे. वर्षानुवर्षे रोज दोन वेळा ओट्यापुढे उभे राहून जिने हे कौशल्य कमावले, तिच्या परिश्रमांचे श्रेय दैवाकडे जाते. आणि जो नव्याने शिकू पाहतो, तो ‘आपला हात काही तसा नाही’ अशी समजूत करून घेऊन मागे सरतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. देशभर शाखा असलेल्या बँकेत पदोन्नतीच्या पाठोपाठ बदली येते. मुलांची शाळा आणि आई-वडिलांचे वय यांमुळे कुटुंब पुण्यास किंवा नागपुरास राहते आणि अधिकारी, मग ते पुरुष असोत वा स्त्री, एकटेच सिलिगुडी, शिमला अथवा कोइमतूर गाठतात. आपल्या ज्येष्ठ ग्राहकांपैकीही अनेकांना जोडीदाराच्या आजारपणात किंवा निधनानंतर प्रथमच गॅस पेटवावा लागतो. खानावळ आणि डबा यांची सोय असते खरी. पण वैद्यांनी मीठ-तेल कमी करावयास सांगितले की ती सोय अपुरी पडते. अशा वेळी वरण-भात स्वतः करता येणे, ही प्रकृतीच्या आणि काही अंशी स्वाभिमानाच्याही दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ठरते.

मग हा आत्मविश्वास यावा कसा? पाककृतींचा साठा करून तो येत नाही. आज भ्रमणध्वनीवर हजारो कृती क्षणात समोर येतात आणि नवशिका रोज नवा पदार्थ करून पाहतो. त्यात हौस भागते, हात मात्र तयार होत नाही. माझी सूचना अगदी साधी आहे: पहिला महिनाभर वरण, भात, एक परतलेली भाजी आणि एक कोशिंबीर एवढेच करावे, आणि तेही त्याच भांड्यात, त्याच वाटीने मोजून. (भाकरी मी मुद्दाम वगळली आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. उकळत्या पाण्याने ते मळण्याची विद्या पहिल्या महिन्यातील नव्हे.) मोजून करणे कमीपणाचे मानण्याचे कारण नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याचे नेमके प्रमाण हाती दिले आणि वडीलधाऱ्यांपासून दूर संसार थाटणाऱ्या कित्येकांची अडचण दूर केली. अंदाज हा प्रमाणाच्या सरावातूनच तयार होतो.

प्रमाण सांभाळतानाच डोळे, नाक आणि कान यांना कामाला लावावे. फोडणीचेच पाहा. तेल पुरेसे तापले म्हणजे मोहरीतील ओलाव्याची वाफ होऊन ती तडतडते; तेल कोमट असेल तर मोहरी नुसती पडून राहते आणि कडवट लागते. तडतड ओसरू लागताच जिरे घालावे, आच मंद करावी आणि मगच हिंग-हळद. या दोन्ही वस्तू काही क्षणांत करपतात, म्हणून त्यांच्या मागोमाग भाजी किंवा वरण घालण्याची तयारी हाताशी हवी. फोडणी जळलीच तर ती टाकून द्यावी. पळीभर तेल वाचवण्यासाठी पातेलेभर वरण बिघडवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे बँकेच्या वाचकांना निराळे सांगावयास नको!

डाळ शिजत नाही, ही बदलीच्या गावाहून येणारी नेहमीची तक्रार. ‘आपल्यालाच जमत नाही’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. डाळ जुनी असेल तर ती अधिक वेळ घेते. पाणी जड असेल तर त्यातील क्षारांमुळे तूरडाळ लवकर मऊ होत नाही. अशा गावी भिजवलेली डाळ गाळणयंत्राच्या पाण्यात शिजवून पाहावी. चिंच, आमसूल वा टोमॅटो आधीच घातला असेल तरी आंबटपणामुळे डाळ दडस राहते, म्हणून आंबट नेहमी डाळ शिजल्यावर घालावे. शिमल्यासारख्या सुमारे २,२०० मीटर उंचीवरील शहरात आणखी एक कारण असते. तेथे हवेचा दाब कमी असल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे ९३ अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासभर रटरटत राहिली तरी तिला पुरेशी उष्णता मिळत नाही. कुकर दाब वाढवून ही उणीव बरीचशी भरून काढतो. शिट्ट्या मात्र पुण्यापेक्षा अधिक द्याव्या लागतात. कारण कळले की धास्ती उरत नाही.

मिठाविषयी एवढेच की, रस्सा आटत असताना सुरुवातीला थोडे घालावे आणि उरलेले शेवटी चव पाहून घालावे.

परक्या गावी आपल्याच चवीचा हट्ट धरणे मला अनाठायी वाटते. बंगालमध्ये मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून, मग आच उतरवून वापरतात. त्याने त्याचा उग्रपणा निवतो. तेथील पाँचफोडनात मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप असे पाच जिन्नस अख्खे असतात आणि आपल्या दुधी-भोपळ्याला ते शोभून दिसतात. शेजाऱ्यांना विचारण्यात संकोच कसला? भाताच्या बाबतीत तर विचारावेच लागते. नव्या तांदळाला पाणी कमी लागते, जुन्याला अधिक. बंगालचा वा केरळचा उकडा तांदूळ आणखी पाणी आणि वेळ मागतो. म्हणून नव्या गावी सामान भरताना तांदूळ नवा की जुना, साधा की उकडा, हे दुकानदारास विचारून घ्यावे, आणि पहिल्या रात्री अर्धी वाटीच शिजवून पाहावी.