भूजलाचं गणित फुकट मिळतंय, पण फाइल कुठे आहे?

आपल्या भागातलं भूजल 'सुरक्षित' आहे की 'अतिशोषित', हे कोण ठरवतं? सरपंच नाही, तहसीलदारही नाही. एक गणित ठरवतं. वर्षभरात जमिनीत मुरलेल्या पाण्यापैकी वापरण्याजोगं किती, आणि त्यातलं आपण उपसलं किती, याची टक्केवारी. ७० पर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. हा शिक्का बसला की नव्या विहिरीचं अनुदान अडतं. म्हणजे माणसाच्या पोटापाण्याशी संबंध असलेलं गणित आहे हे. आणि ते गावात कुणीही पाहिलेलं नसतं.

त्या गणितातला एकच आकडा घेऊ. आपल्या राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या खडकात पोकळी फार कमी. साधारण धरायचं तर झिजलेल्या बेसॉल्टमधून २ टक्के पाणी निघतं. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटरने खाली गेली, तर हाती येतं २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. आता हाच आकडा २ ऐवजी १ धरा. दहा टँकर गायब! खडक तोच, विहीर तीच, कागदावरचा एक आकडा बदलला. म्हणून विचारतो, तो आकडा कुणी धरला, कशावरून धरला, आणि मला तो बदलून बघता येतो का?

उसाचं बोललं की लोक चिडतात, तरी बोलतो. पाटाने भिजवलेल्या एक हेक्टर उसाला वर्षाला वीसेक हजार घनमीटर पाणी लागतं असं धरा. ते सगळं जमिनीखालून घ्यायचं म्हटलं, तर शंभर हेक्टरखालची पातळी एक मीटरने उतरते. पाऊस थोडी भर घालतो, दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं, मान्य. पण बाकी नव्याण्णव हेक्टरवाल्यांना हा हिशेब कुणी कधी दाखवलाय का?

आता मुद्द्याचं. हा हिशेब नुसता टक्केवारीत न मांडता, पाणी जमिनीखाली कुठून कुठे सरकतं हे मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. नाव मॉडफ्लो. अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्रीय सर्वेक्षण खात्यातल्या मायकेल मॅकडॉनल्ड आणि आर्लेन हार्बॉ यांनी १९८४ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आणलं. सरकारी काम असल्यामुळे त्यावर कुणाची मालकी नाही. उतरवून घ्या, वापरा, आतला कोड वाचा, बदला, कुणी हटकणार नाही. सहावी आवृत्ती २०१७ ला आली. माउसने चालवायचं असेल तर त्याच खात्याचं मॉडेलम्यूझ आहे, थोडं पायथन येत असेल तर फ्लोपाय आहे. दोन्ही फुकट. गंमत म्हणजे महागडी परवाना फी घेणाऱ्या कित्येक पॅकेजांच्या पोटात इंजिन हेच असतं. पैसे वरच्या रंगरंगोटीचे.

चालतं कसं? आपण रानात वाफे पाडतो तसे अख्ख्या पाणलोटाचे वाफे पाडायचे. समजा शंभर बाय शंभर मीटरचा एकेक. खाली खडकाचे जेवढे थर, तेवढे मजले. प्रत्येक वाफ्यात पाण्याची एक पातळी. शेजारच्या वाफ्यात पातळी कमी असेल तर पाणी तिकडे सरकणार. किती सरकणार, ते पातळीतल्या फरकावर आणि मधला खडक किती पाणी जाऊ देतो यावर. हा नियम हेन्री डार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८५६ मध्येच मांडलाय, वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून. मग वरून मुरलेला पाऊस, विहिरींचा उपसा, ओढ्याला गेलेलं, ओढ्यातून आलेलं. जमा, खर्च, शिल्लक. किराणा दुकानाची वहीच. फक्त इथे वह्या हजारो, आणि प्रत्येकीची शिल्लक शेजारच्या वहीत अडकलेली. म्हणून कॉम्प्युटर लागतो. साधा लॅपटॉप पुरतो.

'अमेरिकेतलं खेळणं आपल्याला काय कामाचं?' असं विचारणाऱ्यांसाठी तिथलाच एक खटला सांगतो.

रिपब्लिकन नावाची नदी आहे. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि कॅन्सस या तीन राज्यांनी तिचं पाणी १९४३ च्या कराराने वाटून घेतलं. पुढे नेब्रास्कात विहिरी वाढत गेल्या आणि खालच्या कॅन्ससला नदी आटल्यासारखी दिसायला लागली. १९९८ मध्ये कॅन्सस थेट सुप्रीम कोर्टात. नेब्रास्काचं म्हणणं, करार नदीचा आहे, विहिरींचा नाही. ते टिकलं नाही. विहिरींनी नदीचं जेवढं पाणी ओढलं तेवढं हिशेबात धरायचं ठरलं. पण ओढलं किती हे सांगणार कोण? २००२ च्या तडजोडीत तिन्ही राज्यांनी मिळून एक मॉडेल करायचं ठरवलं आणि ते मॉडफ्लोवर उभं केलं. भांडणाऱ्या तिन्ही पक्षांच्या हातात तीच फाइल, तेच आकडे.

भांडण मिटलं का? छे. पुन्हा कोर्टात गेले. २०१५ च्या निकालात नेब्रास्काला ५५ लाख डॉलर भरायला लावले. पण त्याच निकालात नेब्रास्काचं एक म्हणणं मान्य झालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शेजारच्या प्लॅट नदीचं कालव्यातून आलेलं आणि जमिनीत मुरलेलं पाणी रिपब्लिकनच्या खात्यात खर्च म्हणून पडत होतं. हिशेबाच्या पद्धतीतच चूक. कोर्टाने ती पद्धत दुरुस्त करायला लावली. मॉडेल एका बाजूच्या कपाटात कुलूपबंद असतं, तर ही चूक दाखवणार कोण होतं?

आता आपल्याकडे या. कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादाने काय ठरवलं, तर कुठल्याही राज्याने केलेला भूजलाचा वापर हा कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून मोजायचा नाही. त्या काळी मोजायची सोय नव्हती, समजू शकतो. पण नदीकाठच्या विहिरी आणि नदी यांचं पाणी वेगळं नाही, हे काठावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. कागदाला अजून माहीत नाही.

बरं, आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, कित्येक दशकं मोजतेय. इतकी जुनी नोंद असणं ही मोठी ठेव आहे, आणि त्या खात्यातल्या लोकांना आपण शिव्याच जास्त देतो हे बरोबर नाही. आयआयटी मुंबईने पोकरा प्रकल्पासाठी क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरवर गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारं साधन तयार केलं. पाऊस, माती, उतार, पीक घालायचं, पाणी वाहून किती गेलं आणि मुरलं किती ते बघायचं. पुण्यात भूजलावर आयुष्य घालवलेली ॲक्वाडॅमसारखी संस्था आहे. हिवरे बाजार तर पावसाचं माप बघून पीक ठरवतं, तेही कुठल्याही मॉडफ्लोशिवाय.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी.

एक, उपसा. शेतीपंपांचं मीटर बऱ्याच ठिकाणी नाहीच, तिथे बिल अश्वशक्तीवर. आता साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज माफ. शेतकऱ्याला वीज माफ करा, माझी हरकत नाही, पण मोजू तरी नका असं कुणी सांगितलं? पंप किती तास चालला हे कळलं तर उपसा अंदाजे निघतो. नाहीतर वहीतली खर्चाची बाजू अंदाजपंचे दाहोदरसे.

दुसरं अडणं जास्त चीड आणणारं आहे. सरकारी पैशातून भूजलाचे अभ्यास होतात, सल्लागार मॉडेल करतात. असा एक अहवाल माझ्या हातात आला होता. दीडशेच्या वर पानं, रंगीत नकाशे, शेवटी 'पाणी पुरेसं आहे' असा निष्कर्ष. वाफे किती, सीमा कुठे धरली, २ टक्के धरले की १, उपसा कुठून आणला, काही पत्ता नाही. मूळ फाइल मागितली तर उत्तर आलं, ती सल्लागाराकडे आहे. अरे, पैसे जनतेचे, पाणी जनतेचं, इंजिन फुकटचं, आणि फाइल सल्लागाराची?

माझी मागणी साधी आहे. भूजलाच्या कुठल्याही अभ्यासाच्या निविदेत एक ओळ घाला: अहवालाबरोबर मॉडेलच्या सगळ्या मूळ फाइली द्याव्यात आणि त्या खात्याच्या संकेतस्थळावर ठेवाव्यात. याला नवा कायदा लागत नाही. कायदे आहेत तेच पाळले जात नाहीत. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरच्या खालच्या विहिरींवर बंधन घातलं, तो २०१४ ला लागू झाला, आणि बोअरच्या गाड्या सहाशे-आठशे फूट जातच आहेत.

आता जे लोक उत्साहाने लॅपटॉप उघडतील त्यांना आधीच सांगून ठेवतो. तुमच्या रानात बोअर कुठे घ्यावा, हे मॉडफ्लो सांगणार नाही. कुणी सांगतो म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. वाफ्याच्या आत सगळा खडक सारखा, असं हे गणित धरतं. आपला बेसॉल्ट तसा नाही. भेगेत पाणी, वीस फुटांवर कोरडं. मध्येच लाल मातीचा थर, धुळे-नंदुरबारकडे तर उभ्या भिंतींसारखे डाइक. त्यामुळे नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याची जागा हे सॉफ्टवेअर घेणार नाही. (पाणाड्याचा किती बोअरला अंदाज चुकला याची वही कुणी ठेवत नाही, हे वेगळं.) पण पाणलोटाच्या पातळीवर, 'अजून चाळीस बोअर झाले तर खालच्या गावच्या नळयोजनेच्या विहिरीचं काय होईल' असा प्रश्न असेल, तर उत्तराची दिशा नक्की मिळते. आणि उत्तर चुकलं तर कुठे चुकलं हेही शोधता येतं.

इंजिनिअरिंग आणि भूशास्त्राच्या मुलांना शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट लागतं. तेच ते जुने रिपोर्ट बाइंडिंग करून देण्यापेक्षा एकेका गटाने एकेक पाणलोट घ्यावं. निरीक्षण विहिरीच्या नोंदी यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मागायच्या, नाही दिल्या तर माहिती अधिकारात. पीडीएफ स्कॅन नको, एक्सेलमध्ये द्या म्हणून अर्जात स्पष्ट लिहायचं.

आपल्या तालुक्यासाठी हे करायला मी दिवाळीनंतर रविवारी बसणार आहे. ज्यांना यायचंय त्यांनी निरोप टाका, आणि गावातल्या विहिरींची पातळी कुणी वहीत लिहून ठेवली असेल तर ती वही सोबत आणा.