क्रूझवरील शोचे आगाऊ आरक्षण : सुरतेतील मराठी प्रवाशांचे मागणीपत्र

प्रति,
केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्रालय. गुजरात मेरीटाइम बोर्ड. मुंबई बंदर प्राधिकरण. तसेच गुजरात व मुंबईच्या किनाऱ्यांवरून पर्यटन जहाजे चालवणाऱ्या सर्व कंपन्या व त्यांचे तिकीट एजंट.

प्रत माहितीसाठी : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण.

विषय : तिकिटात समाविष्ट असलेल्या शोची जागा प्रवासाआधी निश्चित करून मिळण्याबाबत.

क्रूझच्या तिकिटात राहणे, जेवण आणि करमणूक या तिन्हींचे पैसे एकदमच घेतले जातात. केबिनचा नंबर आधी मिळतो, जेवणाची पाळी आधी कळते. थिएटरमधली खुर्ची मात्र जो आधी दारात पोचेल त्याची. ज्या शोचे पैसे तिकिटात घेतले, त्या शोतली जागा जहाजावर पाऊल ठेवण्याआधी ठरलेली असली पाहिजे, ही आमची मूळ मागणी आहे. खालच्या सर्व मागण्या तिच्यातूनच निघतात.

सुरतेतील मराठी क्रूझ प्रवाशांच्या आमच्या संघटनेचे सभासद उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा आणि शहराच्या इतर भागांत राहतात. बहुतेकांची मुळे खानदेशात आहेत. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडून ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने त्यांचे आईवडील, आजेआजोबा इथे आले. यंत्रमाग, कापड बाजार, डाइंग-प्रिंटिंग आणि हिऱ्याच्या कारखान्यांत त्यांनी काम केले. आज त्यांच्यात कारागीर, दुकानदार, शिक्षक आणि निवृत्त झालेली मंडळी आहेत. क्रूझचा प्रवास त्यांच्यासाठी दर वर्षाचा नाही. वर्षभर बाजूला ठेवलेल्या पैशांतून, आईवडिलांसह, एकदा करायचा असा तो प्रवास आहे.

सुरतेची मोठी सुट्टीही सगळ्यांची एकाच वेळी येते. दिवाळीला कापड बाजार बंद होतो तो लाभपाचमेला उघडतो. हिऱ्याच्या कारखान्यांची सुट्टी त्याहून लांबते. त्यामुळे आमचे सभासद नेमके त्याच दिवसांत प्रवास करतात, ज्या दिवसांत जहाज भरलेले असते आणि भाडेही चढे असते. गर्दीच्या फेरीत सर्वांत जास्त पैसे मोजणाऱ्या प्रवाशाला थिएटरच्या दारातून परत पाठवणे अन्यायाचे आहे.

ही टंचाई अपघाताने झालेली नाही. जहाजावरचे मुख्य थिएटर सगळे प्रवासी एका वेळी बसतील एवढे मोठे सहसा नसतेच. जेवणाच्या दोन पाळ्या आणि त्यांना जोडून एकाच शोचे दोन खेळ, अशी रचना या व्यवसायात जुनी आहे. निम्मे लोक जेवतात तेव्हा निम्मे थिएटरात बसतात. ही रचना चांगली आहे. पण आपण कोणत्या निम्म्यात आहोत हे प्रवाशाला आधी सांगितले, तरच ती चालते. ते न सांगितल्यामुळे सगळे पहिल्या खेळाला धावतात. दुसऱ्या खेळाच्या वेळी मुले झोपेला आलेली असतात आणि म्हातारी माणसे केबिनमध्ये परतलेली असतात.

हिशेब मांडून दाखवतो. समजा जहाजावर १,८०० प्रवासी आहेत, थिएटरात ६०० खुर्च्या आहेत, प्रवास दोन रात्रींचा आहे आणि दर रात्री दोन खेळ होतात. एकूण जागा झाल्या २,४००. प्रत्येक प्रवाशाला एक शो पक्का दिला, तर १,८०० जागा लागतात आणि तरीही ६०० उरतात. म्हणजे एकही खुर्ची न वाढवता, एकही कलाकार जास्त न आणता, प्रत्येकाला किमान एक शो नीट बसून पाहता येतो. आज मात्र काही जण दोन्ही रात्री पुढच्या ओळीत असतात आणि काहींना एकही शो मिळत नाही. वाटप कोणी ठरवलेलेच नाही, म्हणून हे होते.

म्हणून पहिली मागणी. आरक्षणाच्या दोन फेऱ्या असाव्यात. पहिल्या फेरीत प्रत्येक प्रवाशाला, केबिन आतली असो की बाल्कनीची, एक शो निवडता यावा. ही फेरी प्रवासाच्या ६० दिवस आधी सर्वांसाठी एकाच दिवशी उघडावी आणि १५ दिवस आधी बंद व्हावी. उरलेल्या जागा दुसऱ्या फेरीत मागेल त्याला द्याव्यात. ज्यांनी तिकीट उशिरा काढले त्यांची पहिली निवड या दुसऱ्या फेरीतही आधी विचारात घ्यावी. महागड्या केबिनला मोठी खोली आणि चांगला नजारा जरूर मिळावा. त्याचे पैसे वेगळे घेतले आहेत. करमणूक मात्र सर्वांना समाविष्ट म्हणून विकली आहे, तिथे पहिल्या फेरीत पायऱ्या नकोत.

साठ दिवस ही मुदत आम्ही मनाने काढलेली नाही. रेल्वेची आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. आरएसी, प्रतीक्षा यादी, ज्येष्ठांना खालचा बर्थ, गाडी सुटण्याआधी लागणारा चार्ट हे सर्व आमचा सभासद वर्षानुवर्षे वापरतो. जी शिस्त रेल्वे रोज लाखो प्रवाशांसाठी सांभाळते, ती एका जहाजावरच्या एका थिएटरला जड जाणार नाही. मराठी नाटकाचा प्लॅनही प्रयोगाच्या कितीतरी दिवस आधी उघडतो आणि प्रेक्षक ओळ व खुर्ची पाहून तिकीट घेतो. परदेशी क्रूझ कंपन्यांनाही हे नवे नाही. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांच्या मोठ्या जहाजांवर अनेक शोंची जागा प्रवासाआधीच राखता येते.

आता जहाजावर चढल्यानंतरचे. सभासदांना सांगितले जाते की बुकिंग अ‍ॅपवर होईल, चढल्यावर करा. पण अ‍ॅप जहाजाच्या वाय-फायवर चालते, किनारा सुटला की मोबाईलचे नेटवर्क जाते, आणि लॉगिनसाठी लागणारा ओटीपी एजंटच्या मोबाईलवर जातो, कारण बुकिंग करताना नंबर त्याचा टाकलेला असतो. एजंट सुरतेत, प्रवासी समुद्रात. साठी ओलांडलेले जोडपे हातात फोन धरून रिसेप्शनच्या काउंटरपुढे उभे राहते आणि नंबर येईपर्यंत पहिला खेळ भरतो. ही तक्रार आमच्याकडे सर्वांत जास्त येते.

यावर उपाय सोपे आहेत. बुकिंगमध्ये प्रवाशाचा स्वतःचा मोबाईल नंबर घेणे एजंटला बंधनकारक करावे. अ‍ॅपशिवाय, फोनवरून आणि टर्मिनलवरच्या चेक-इन काउंटरवरही शो राखता यावा. राखलेल्या शोचे नाव, वेळ आणि जागा बोर्डिंग पासवर किंवा केबिनच्या कार्डाबरोबरच्या कागदावर छापून द्यावी. ही माहिती मराठी, गुजराती आणि हिंदीतही असावी.

चढल्यानंतरच्या बुकिंगबाबत एक गंभीर मुद्दा आहे आणि तो करमणुकीपुरता नाही. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १ जानेवारी २०१५ पासून नव्या प्रवाशांची सुरक्षा कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज उलटल्यानंतर हा नियम कडक झाला. शोचे बुकिंग नेमके त्याच तासात उघडत असेल, तर जो प्रवासी शहाण्यासारखा कवायतीला जातो त्याची जागा जाते आणि जो कवायत टाळून रांगेत राहतो त्याला ती मिळते. सुरक्षा आणि करमणूक यांत प्रवाशाला निवड करायला लावणे कोणत्याही बंदर प्राधिकरणाला मान्य होता कामा नये. जहाजावरची कोणतीही बुकिंग खिडकी, अ‍ॅपवरची असो की काउंटरची, कवायत पूर्ण झाल्याची घोषणा झाल्यावरच उघडावी. ही मागणी सर्वांत आधी अमलात आणावी. तिला खर्च नाही, यंत्रणा लागत नाही, फक्त आदेश लागतो.

थिएटरात जागा अडवण्याची पद्धत थांबली पाहिजे. एक माणूस पुढे जाऊन रुमाल, ओढणी, पाण्याच्या बाटल्या ठेवून अख्खी ओळ धरतो आणि कर्मचारी संकोचाने गप्प राहतात. कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या हातात नियम दिलेला नाही. राखलेली जागा शो सुरू होण्याच्या १० मिनिटे आधीपर्यंत त्या प्रवाशाची राहावी. त्यानंतर ती दाराशी थांबलेल्यांना क्रमाने द्यावी. जागा राखून, रद्द न करता, जो येत नाही त्याला त्या प्रवासात दुसऱ्या फेरीची जागा देऊ नये. आमच्या सभासदांनाही हा नियम लागू राहील. आम्ही तो मान्य करतो.

एकाच बुकिंगवरचे कुटुंब एकत्र बसावे. ज्येष्ठांना आणि गुडघे दुखणाऱ्या प्रवाशांना पायऱ्या टाळता येतील अशा कडेच्या जागा पहिल्या फेरीत राखाव्यात. व्हीलचेअरसाठी जागा आणि शेजारी सोबत्याची खुर्ची असावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ पासून आहे. ही सोय वेगळी सवलत म्हणून मागावी लागू नये.

शोची वेळ आणि जेवणाची पाळी एकाच वेळी, एकाच व्यवहारात ठरावी. आज दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठरतात आणि एकमेकांवर येतात. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन प्रवाशांची अडचण तर आणखी वेगळी आहे. सुरतेच्या जहाजप्रवाशांत त्यांची संख्या मोठी आहे, म्हणून त्यांच्या वतीनेही आम्ही हे नोंदवतो.

एजंटांनी गटासाठी एकगठ्ठा जागा अडवून ठेवण्याला मर्यादा हवी. कोणत्याही एका खेळाच्या २० टक्क्यांहून अधिक जागा एका एजंटाकडे नसाव्यात, आणि नावे न दिलेल्या जागा प्रवासाच्या ७ दिवस आधी सर्वांसाठी खुल्या व्हाव्यात. शोची जागा मिळवून देतो म्हणून वेगळे पैसे घेणाऱ्या एजंटाचे काम कंपनीने बंद करावे.

काही शो तिकिटाबाहेरचे, वेगळ्या पैशांचे असतात. त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती जाहिरातीत सर्व शो एका रांगेत दाखवून, कोणता शो पैशांचा आहे हे जहाजावर सांगण्याला. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या ऑनलाइन रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत अशा १३ प्रकारांची नोंद आहे. किमतीचा काही भाग लपवून नंतर उघड करणे आणि टंचाईचा खोटा आभास निर्माण करणे हे दोन्ही त्यांत येतात. म्हणून तिकीट विकतानाच शोंची यादी, प्रत्येकाचे करासह शुल्क, खेळांची संख्या आणि थिएटरमधल्या एकूण खुर्च्या लिहून द्याव्यात. ‘थोड्याच जागा शिल्लक’ असे दाखवायचे असेल, तर उरलेला आकडा दाखवावा.

हवामानामुळे, कलाकार आजारी पडल्यामुळे किंवा मार्ग बदलल्यामुळे शो रद्द होऊ शकतो. समुद्रावर जाणाऱ्याला हे समजते. वेगळे पैसे घेतलेल्या शोची पूर्ण रक्कम ७ दिवसांत परत मिळावी. तिकिटातला शो रद्द झाल्यास उरलेल्या प्रवासातील खेळात त्या प्रवाशांना आधी जागा द्यावी.

गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आमची स्वतंत्र मागणी आहे. हजिरा सुरतेचे समुद्राचे दार आहे. ८ नोव्हेंबर २०२० रोजी तिथून घोघ्याची रो-पॅक्स फेरी सुरू झाली. ३१ मार्च २०२१ रोजी हजिरा–दीव क्रूझ सुटली, तेव्हा तिच्यात ३०० प्रवाशांची सोय, १६ केबिन आणि डेकवर करमणूक होती, आणि दीवपर्यंतचा प्रवास सुमारे १३ ते १४ तासांचा सांगितला होता. एका रात्रीच्या प्रवासात शो चुकला की दुसरी संधीच नसते. त्यामुळे हजिऱ्याहून यापुढे ज्या कोणत्या पर्यटन जहाजाला धक्का वापरायची परवानगी मिळेल, तिच्या अटींतच आगाऊ आरक्षणाची अट घालावी. जहाज सुरू झाल्यावर नियम लावण्यापेक्षा परवान्यात तो लिहिणे सोपे आहे.

मुंबईतही हे नियम लावायला वेळ योग्य आहे. क्रूझ भारत मिशन ३० सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाले आणि ते २०२९ पर्यंत चालणार आहे. क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल २० सप्टेंबर २०२५ रोजी खुले झाले. धक्के आणि इमारती वाढतील, पण प्रवासी दुप्पट झाले आणि थिएटरच्या दाराशी नियम आजचाच राहिला, तर तक्रारीही दुप्पट होतील. मंत्रालयाने या मिशनखाली प्रवासी सेवेचे किमान निकष ठरवावेत आणि त्यांत वरील मागण्यांचा समावेश करावा.

अंमलबजावणीचा क्रमही आम्ही सुचवतो. कवायतीनंतरच बुकिंग, १० मिनिटांचा नियम आणि शुल्काची लेखी माहिती या तीन गोष्टी ३० दिवसांत लागू कराव्यात. प्रवाशाचा मोबाईल नंबर, फोनवरचे बुकिंग आणि छापील जागा यांना ९० दिवस द्यावेत. दोन फेऱ्यांचे पूर्ण आरक्षण येत्या दिवाळीच्या फेऱ्यांचे बुकिंग खुले होण्याआधी सुरू व्हावे, कारण आमच्या सभासदांची खरी गरज तिथेच आहे. चर्चेसाठी आमचे पाच प्रतिनिधी सुरतेत किंवा मुंबईत, तुम्ही सांगाल त्या दिवशी येतील. सभासदांच्या तक्रारी प्रवासाच्या तारखेनिशी आणि तिकिटाच्या प्रतींसह तेव्हा सादर केल्या जातील.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत मुद्देनिहाय लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार दाखल होईल आणि ज्या सभासदांचे नुकसान झाले आहे ते सुरतेच्या जिल्हा ग्राहक आयोगात जातील. जहाज मुंबईहून सुटलेले असले, तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू झाली आहे.

सुरतेतील मराठी क्रूझ प्रवाशांच्या संघटनेच्या वतीने,
अध्यक्ष, चिटणीस व कार्यकारिणी सदस्य