सिंह दिसला म्हणून गुजरात नव्हे

गुप्त सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांवर प्राण्यांची रेलचेल आहे. समुद्रगुप्त वाघावर बाण सोडतो, दुसरा चंद्रगुप्त सिंहाशी झुंजतो, पहिला कुमारगुप्त घोड्यावरून वाकून गेंड्यावर तलवार उगारतो. या चित्रांचा एक सोपा अर्थ रुळला आहे: वाघ म्हणजे बंगाल, सिंह म्हणजे गुजरात, गेंडा म्हणजे आसाम. नाणे जणू जिंकलेल्या मुलखाचा सातबाराच. मला हे पटत नाही. आज हे प्राणी जिथे उरले आहेत तो नकाशा आपण दीड हजार वर्षे मागे नेतो, ही यातली खरी गफलत. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार केल्याचे त्याच्याच आत्मचरित्रात आहे. सिंह तर एकोणिसाव्या शतकापर्यंत गिरबाहेर उत्तर आणि मध्य भारतातही होते. पाटलीपुत्राच्या राजाला सिंह किंवा गेंडा गाठायला कोणताही प्रांत जिंकण्याची गरज नव्हती.

यावर कोणी म्हणेल, चंद्रगुप्ताने तिथल्या पश्चिम क्षत्रप राजांकडून गुजरात जिंकला हे तर खरेच ना? खरेच, पण त्याची साक्ष चांदीची नाणी देतात. क्षत्रपांच्याच धाटणीची, राजाचा मुखवटा तसाच ठेवून मागच्या बाजूला डोंगराऐवजी गरुड आणलेली ही नाणी त्या मुलखातल्या बाजारासाठी होती. सोन्यावरच्या सिंहाकडे ते काम नव्हते. तिथला मजकूर राजाला ‘सिंहविक्रम’ म्हणतो, समुद्रगुप्ताला ‘व्याघ्रपराक्रम’. प्रांताचे नाव कुठेच नाही. गुप्त नाण्यांवर जिंकण्याची भाषा येते तेव्हा पृथ्वी आणि स्वर्ग जिंकल्याची येते. एवढा दावा करणारा राजा एका प्रांताची जाहिरात कशाला करील? शिवाय कुमारगुप्त मोराला चारा घालतानाही दिसतो, मागच्या बाजूला मोरावर बसलेला कार्तिकेय, म्हणजेच कुमार, असतो. तो मोर कोणत्या प्रांताचा, असे कोणी विचारत नाही. राजाच्या नावाशी त्याचा संबंध सगळ्यांना मान्य आहे.

एक अपवाद मात्र मानायला हवा. समुद्रगुप्ताच्या अश्वमेध नाण्यावर यूपासमोर, म्हणजे यज्ञस्तंभासमोर, एकटा घोडा उभा आहे आणि तो एका प्रत्यक्ष यज्ञाकडे बोट दाखवतो. पण तिथे ‘अश्वमेध’ हा शब्दच कोरलेला आहे, तर्काला जागाच नाही. बाकी नाणी ताडून पाहायचे साधनही हाताशी आहे. १९४६ मध्ये भरतपूरजवळ बयाना येथे १८२१ गुप्त सुवर्णनाणी सापडली. अनंत सदाशिव अळतेकरांनी त्यांची सूची केली. प्रकारागणिक नाणी लावून पाहण्याची सोय त्या सूचीने केव्हाच केली आहे. तेव्हा गेंड्याचे नाणे आसामविजयाचा पुरावा म्हणून पुढे आले, तर जोडीला दुसरा पुरावा कोणता, एवढे जरूर विचारा.